पऱ्यातल्या चालणाऱ्या काड्या

प्रश्न : आमच्या आगराखालून पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, जातो. दिवाळीनंतर पाणी उतरलं की दगडांना वाळूच्या बारीक नळ्या दिसतात, काडी म्हणून उचलावी तर आतून डोकं आणि पाय बाहेर येतात न् चालायलाच लागते! सासूबाई म्हणतात पाण्यात किडे पडले, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. टाकू का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : नको हो, तो डबा आधी आत ठेवा! ही कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी, आणि ती नळी तिचं घर. तोंडाजवळून ती रेशमाचा धागा सोडते, तो पाण्यातसुद्धा चिकटतो. वाळूचा कण पुढच्या पायांत धरून फिरवून बघते, बसला तर चिकटवते नाहीतर देते टाकून, अगदी चिरा घोळवून बसवणाऱ्या गवंड्यासारखं. अंग वाढेल तशी पुढच्या तोंडाला नळी वाढवत न्यायची. शेपटीकडे दोन आकडे असतात त्यांनी ती घर आतून घट्ट धरते, म्हणून ओढून काढायच्या फंदात पडू नका, उगाच जीव जाईल. मागेही भोक असतंच, आत अंग हलवत राहिली की पाणी खेळतं आणि कल्ल्यांना ऑक्सिजन मिळतो.

कोणी पानांचे तुकडे लावतं, कोणी काटक्या. एक जात तर वाळूचा गोल शंखच करते, 1834 मध्ये आयझॅक ली या अमेरिकन शंखतज्ज्ञाने तो खरा शंख समजून गोगलगायीच्या नावाने नोंदवला होता, मग आपलं काय घेऊन बसलात! काही जाती असं घर करतच नाहीत, दगडांमध्ये जाळी लावून वाहत येईल ते खातात. नळीवालीचा पुढे नळीतच कोश होतो, आणि पाखरू बाहेर पडतं ते बारीक पतंगासारखं, पंखांवर केस, पडवीतल्या ट्यूबलाइटवर येतं, चावत-बिवत नाही.

आता सासूबाईंचं. यातल्या बऱ्याच जातींना स्वच्छ, वाहतं पाणी लागतं, त्यामुळे त्या दिसल्या म्हणून पाणी बिघडलं असं नाही. पण म्हणून ते थेट पिऊही नका, रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, उकळूनच प्या. टीसीएल विहिरीत मापाने टाकतात ते वेगळं, पऱ्यात टाकलंत तर अळ्यांबरोबर माशांची पिल्लंही मरतील आणि पावडर जाईल वाहून. मुलांना दाखवायचं असेल तर पांढऱ्या ताटलीत पऱ्याचंच पाणी घ्या, सावलीत धरा आणि पाणी तापायच्या आत अळी त्याच दगडापाशी सोडा.