कार्ड काढा, पण आजारपणाच्या आधी

सत्तरी पार केलेल्यांसाठीची केंद्र सरकारची मोफत उपचारांची आयुष्मान वय वंदना योजना २९ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली. तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत तिच्याबद्दलचे प्रश्न सर्वाधिक असतात. दिव्यांगांच्या घरून येणारी पत्रं संख्येनं कमी असली तरी त्यांतले प्रश्न जास्त अवघड असतात. या वेळी दोन्ही एकत्र घेतले आहेत.

वडील ७३ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. रेशन कार्ड पांढरं, मी स्वतः आयकर भरतो. त्यांना ही योजना मिळेल का? आई ६६ वर्षांची आहे, तिचं काय?

वडिलांना मिळेल. तुमचा आयकर, घर, गाडी, रेशन कार्डाचा रंग यांतलं काहीही कुणी विचारणार नाही. २०१८मध्ये मूळ आयुष्मान भारत योजना आली तेव्हा २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव आहे का, हे पाहावं लागे. ती यादी लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की "आमचं नाव कुठे असणार?" म्हणून चांगले शिकलेले लोकही चौकशीला जात नाहीत. सत्तरीनंतरच्या योजनेत अशी यादी नाही. आधारवर वय ७० किंवा जास्त असलं की झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत कॅशलेस होतात. मधुमेह, रक्तदाब, जुनं हृदयाचं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून चालतं, प्रतीक्षा कालावधी नाही.

आई मात्र या कार्डावर येत नाही. नवऱ्याच्या कार्डावर बायकोचंही भागतं, असा समज बऱ्याच घरांत आहे आणि तो ऐन वेळी तोंडघशी पाडतो. आईसाठी आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४पासून तिची व्याप्ती वाढली. पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशन कार्डावरची कुटुंबंही तिच्यात आली आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं झालं. आज एक काम करून टाका. रेशन कार्डावरचं आईचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. एकीकडे 'सुमन' आणि दुसरीकडे 'सुमनबाई' असेल, किंवा रेशन कार्डावर नावच चढवलेलं नसेल, तर ते आत्ताच नीट करून घ्या. रुग्ण आत असताना तहसीलच्या चकरा मारणं फार जिवावर येतं.

आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे. दोघांची कार्डं वेगळी निघाली, मग मिळून १० लाख धरायचे का?

नाही. कार्डं दोन असली तरी रक्कम एकच. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख. एकाच्या शस्त्रक्रियेला ३ लाख लागले तर त्या वर्षात दोघांसाठी २ लाख उरतात.

तुमचं कुटुंब आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत असेल तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वरचे असतात. धाकट्यांच्या उपचारांसाठी या रकमेला हात लागत नाही.

वडिलांचं खरं वय ७१, आधारवर ६८. शिवाय शेतीकामानं बोटांचे ठसे उठत नाहीत आणि आधारला मोबाईल जोडलेला नाही. काय करावं?

तुमच्याकडे तीन अडचणी आहेत आणि त्या क्रमानं सोडवायला हव्यात, नाहीतर सेवा केंद्रातून रिकाम्या हातानं परत याल.

आधी जन्मतारीख. वय धरलं जातं ते आधारवरचं. शाळेचा दाखला दाखवून आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) कितीही पटवलंत तरी त्याच्या हातात काही नाही, कारण संगणक आधारशी जोडलेला आहे. जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट किंवा दहावीचं प्रमाणपत्र यांसारखा मान्य पुरावा घेऊन आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून अंदाजानं तारीख टाकू नका. कागद हातात आल्यावरच जा. कागदच नसेल तर आधी तो मिळवायच्या मागे लागा.

त्याच फेरीत मोबाईल जोडून घ्या. वडिलांचा स्वतःचा फोन नसेल तर घरात कायम राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाचा नंबर दिला की ओटीपी तिकडे जातो, मुलगा मीटिंगमध्ये असतो आणि इकडे सगळे खोळंबतात.

ठशांची अडचण त्यामानानं सोपी. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, ओटीपीनं, बुबुळांवरून किंवा चेहरा दाखवूनही होते. आयुष्मान ॲपमध्ये लॉगिन केल्यावर सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा पर्याय दिसतो. आधार क्रमांक टाकायचा, ओळख पटवायची, तिथल्या तिथे फोटो काढायचा, पत्ता आणि कुटुंबातल्यांची माहिती भरायची. फोटो काढताना वडिलांना खिडकीकडे तोंड करून बसवा. पाठीमागून उजेड आला की चेहरा ओळखला जात नाही. घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र आहे, किंवा योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र.

मी माजी सैनिक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आहे. हे कार्डही काढू का? आणि माझ्या मोठ्या भावाची खासगी पॉलिसी आहे, ती तो बंद करू म्हणतोय.

ईसीएचएस किंवा सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असणाऱ्यांना ती किंवा वय वंदना, यांतलं एकच निवडावं लागतं. तुमच्या जागी मी ईसीएचएस सोडणार नाही. तिथे बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं मिळतात. वय वंदनात मात्र रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस एवढंच बाहेरचं धरलं जातं. सत्तरीनंतर खरा खिसा रिकामा होतो तो दरमहाच्या गोळ्यांनी, आणि त्या गोळ्या या कार्डावर येत नाहीत.

भावाची गोष्ट वेगळी. खासगी पॉलिसी असली तरी वय वंदना कार्ड काढता येतं, तेव्हा ते काढावंच. पण हप्ता झेपतोय तोवर पॉलिसी चालू ठेवावी. तुमच्या शहरातलं ज्या डॉक्टरांवर भरवसा आहे ते रुग्णालय योजनेत नसेल, तर कार्ड घेऊन तिथे काही होत नाही. आधी जवळची अंगीकृत (योजनेतली) रुग्णालयं कोणती, हे ॲपवर पाहा, मग पॉलिसीचं ठरवा.

मुलगी २४ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. विमा कंपन्या दारातूनच परत पाठवतात. आठवड्याच्या फिजिओथेरपीचा खर्च कुठून तरी निघेल का?

'निरामय' योजनेची चौकशी करा. ती नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आहे आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं. आकडा छोटा वाटेल, पण तुमच्या कामाची गोष्ट त्याच्या आत आहे. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपी त्यात धरल्या आहेत. प्रत्येकाला वेगळी मर्यादा आहे, त्यामुळे सगळा लाख थेरपीवर खर्च करता येत नाही.

ही योजना कॅशलेस नाही. आधी खर्च करा, मग बिलं पाठवून पैसे मागा. म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी तारीख, सही, शिक्का असलेली पावती घ्या. वहीत टिचकी मारून हिशेब ठेवणाऱ्या थेरपिस्टला हे पहिल्याच दिवशी सांगा. नोंदणी नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते विसरणारे पालक पुष्कळ.

वय ३८, पायाला पोलिओ, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) ६० टक्के. खासगी कंपनीत २३ हजार पगार. सत्तरीवाल्यांसारखं दिव्यांगांना सरसकट कार्ड का नाही?

का नाही, हे मलाही विचारावंसं वाटतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २४व्या कलमात सर्वसमावेशक विमा योजनेचा उल्लेख आहे. तरीही आयुष्मान भारतमध्ये केवळ यूडीआयडी दाखवून प्रवेश मिळत नाही, आणि निरामय तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला लागू नाही. रेशन कार्डावर जन आरोग्य योजना मात्र तुम्हालाही आहे.

पण तुमच्या पत्रातला पगाराचा आकडा वाचून मी थांबलो. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगारमर्यादा २१ हजार आहे असं सगळे म्हणतात. दिव्यांग कामगारांसाठी ती २५ हजार आहे. कंपनी ईएसआयच्या कक्षेत येत असेल तर तुम्ही आत बसता. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला पावणेदोनशेच्या आत कापले जातील आणि बाह्यरुग्ण उपचार, औषधं, घरच्या अवलंबितांचे उपचार हे सगळं मिळेल. एचआरला लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडीची प्रत जोडा. पगार पाहून नाव वगळलं असण्याची शक्यता मोठी आहे.

ईएसआयमध्ये किमान ५ वर्षं काढून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. तुमच्या ओळखीत कुणी निवृत्त कामगार असेल तर त्याच्या कानावर घाला.

कार्ड दाखवूनही रुग्णालयानं अनामत मागितली. भरावी का?

रुग्णालय योजनेत असेल, उपचार योजनेच्या यादीत असेल आणि मंजुरी मिळाली असेल, तर अनामत नाही, औषधांचे वेगळे पैसे नाहीत, तपासण्यांचेही नाहीत. पॅकेजमध्ये हे सगळं धरलेलं असतं. आधी आरोग्यमित्राला गाठा आणि विचारा की मंजुरीचा अर्ज गेला आहे का. अनेकदा तो गेलेलाच नसतो आणि दोष कार्डाला दिला जातो. तिथे दाद लागली नाही तर तिथूनच १४५५५ला फोन लावा. जन आरोग्य योजनेचा रुग्ण असेल तर १५५३८८. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नाइलाजानं पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय भरू नका, आणि पावतीवर रुग्णालयाचं नाव छापलेलं आहे का तेही बघा. कोऱ्या चिठ्ठीवर तक्रार टिकत नाही.