अहिल्याबाईंचं चित्र मिळालं, आता पाठमोरं काढ

पोरी,

तुमच्या संगीत नाटकातल्या अहिल्याबाई होळकरांच्या कपड्यांसाठी काढलेलं तुझं ड्रॉइंग मिळालं. मोबाईलवर नीट दिसेना म्हणून पोराला सांगून कलर प्रिंट काढून आणली आणि शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवली, दोन दिवस येता-जाता बघतेय. हात छान आहे तुझा. डोळे, पदराच्या चुण्या, हातातलं शिवलिंग, सगळं मस्त उतरलंय, आमच्या शेजारणीने तर हात जोडले त्याला. पण खरं सांगू का, ते चित्र बघून मला लुगडं नेसवता येत नाही आणि टेलरमास्तरला चोळी कापता येत नाही. तू अहिल्याबाईंचं पोस्टर काढलंस, कपड्याचं ड्रॉइंग अजून व्हायचंय.

आधी रंगाचं बोलू. राणी कलरची पैठणी, हातभर जर, आणि ती पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत. अगं माय, तिचा नवरा खंडेराव 1754 ला कुंभेरच्या वेढ्यात गेला, त्यानंतर ती बाई 1795 पर्यंत जगली आणि तिची जी चित्रं आपण बघतो त्यात ती पांढऱ्यातच आहे. म्हणजे तुझ्या नाटकात रंग आहे तो पहिल्या काही प्रवेशांपुरता. आणि राणी कलर तर नकोच, तसले भडक जांभळे-गुलाबी रंग कारखान्यातल्या डायचे आहेत, त्यातला पहिला रंगच 1856 ला निघाला विलायतेत. त्याआधी झाडांपासून काढलेले रंग, नीळ, मंजिष्ठा, आल, कुसुंबा, हळद. त्यातले लाल-निळे-पिवळे गडद असले तरी डोळ्यात टोचत नाहीत. बाजारात शंभर टक्के तसलं कापड मिळणार नाही हे मलापण माहितीय, पण निदान ट्यूबलाईटसारखं चमकणारं उचलू नको.

चोळीला तू फुग्याच्या बाह्या दिल्यास, त्या इंग्रजांच्या मडमा बघून आपल्याकडे आल्या, त्यापण शंभरेक वर्षांनी. मला वाटतं तू रविवर्म्याची चित्रं आणि टीव्ही सिरीयल समोर ठेवून काढलंस. रविवर्म्याचा जन्मच 1848 चा, त्याने काढलेली नऊवारी सुंदर आहे पण ती त्याच्या वेळची आहे. तुला पुढे गाठ मारायची खणाची चोळी पाहिजे, बाह्या दंडाला घट्ट बसणाऱ्या. धुळ्याला आलीस की राजवाडे मंडळाच्या म्युझियममध्ये जाऊ, तिथली जुनी चित्रं बघत बसू. आणि जमलं तर एकदा महेश्वरला जाऊन ये, फार लांब नाही, पळासनेर ओलांडलं की सेंधवा, पुढे धामनोदवरून वळायचं. तिथे विणकर बसवले ते अहिल्याबाईंनीच, आजपण माग चालतात. साडी परवडली नाही तरी किनारीचे फोटो काढून आण, हातात घेऊन कापड पडतं कसं ते बघ, ते कागदावर समजत नाही.

आता तू म्हणशील पांढऱ्यात काय डिझाईन करायचं. सगळ्यात जास्त डिझाईन पांढऱ्यातच आहे बाई. पिक्चरचे कपडे डिझाईन करणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या, त्यांना 1983 ला ऑस्कर मिळालं, सोबत जॉन मोलो होते, ते गांधींच्या पिक्चरला. राजेरजवाडे नाही, बहुतेक सगळी खादी आणि पंचे! तर पांढरं एक नसतं. नुकती विधवा झालेली सून, मग 1766 ला सासरे मल्हारराव गेले, 1767 ला मुलगा मालेराव गेला, मग गादीवर बसलेली, मग म्हातारी. हे एकच पांढरं लुगडं घालून दाखवू नको. पहिलं जाडंभरडं, बिनकिनारीचं, अंगाला परकं वाटणारं. गादीवरचं बारीक सुताचं, बोटभर किनारीचं, पडतंपण वजनात. शेवटचं धुवून धुवून मऊ झालेलं. आणि दुकानातलं ब्लिच केलेलं पांढरं तसंच स्टेजवर नेऊ नको, लाईटखाली चेहरा खातं ते, बाईच्या जागी नुसता पांढरा डाग दिसतो. चहाचं पाणी करून गाळायचं, आधी एक तुकडा बुडवून वाळवून बघायचा, मग अख्खं लुगडं. सुतीला चढतं, पॉलिस्टरला काही होत नाही, त्यामुळे दुकानदार कितीपण शपथा घेऊ दे, एक धागा जाळून सुती आहे का ते बघायचं. लाईटवाल्यालापण आधी विचार कुठल्या प्रवेशात कुठला रंग टाकणार, कारण पांढऱ्यावर तो निळा टाकेल तर तुझं लुगडं निळं.

नाटकात खरी मजा आहे ती रंग जातो त्या जागेला, आणि तू ती ब्लॅकआऊटमध्ये घालवलीस. खंडेराव गेल्याची बातमी, ती सती जायला निघते, मल्हारराव अडवतात, तिथे तुमचं पद आहे ना? मग कपडा त्या पदातच बदलू दे, लोकांसमोर. आतून पांढरं नऊवारी नेसलेलं, वरून रंगीत शालूचा फक्त दर्शनी भाग, निऱ्या आणि पदर, कमरेला अडकवलेला. दोन अख्खी लुगडी एकावर एक नेसवू नको, एक नऊवारी म्हणजेच सव्वाआठ मीटर कापड, दोन म्हटलं तर आपल्या खान्देशातल्या एप्रिलमध्ये पोरगी स्टेजवरच आडवी होईल. सख्या गाता गाता एकेक दागिना उतरवतात, शेवटी शालू खाली येतो. ते अडकवायला टिचबटणं वापर. वेल्क्रो नको म्हणजे नको. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका तालुक्याच्या गावी मी राणीचा शेला वेल्क्रोवर लावला होता, काय हुशारी केली असं वाटत होतं मला, आणि गाणाऱ्या बाईने आलाप इतका हळू आणला होता की पंख्याचा आवाज ऐकू येत होता, तेवढ्यात सखीने शेला ओढला. चर्रर्र. पुढच्या रांगेतलं पोरगं जे हसलं ते अख्खं थिएटर घेऊन हसलं. त्या बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

हे संगीत नाटक आहे हे तुझ्या चित्रात कुठेच दिसत नाही बघ. चित्रातली बाई उभी आहे, गप्प आहे. तुमची बाई गाणार आहे, बसून, उठून, चालून. कमरेचं माप घेताना तिला म्हणावं पोटभर श्वास भर आणि थांब, मग टेप लाव, नाहीतर पोट आत ओढून माप देतात सगळ्या. गाठ त्या हिशोबाने मारायची. गळ्यात ठुशी काढलीस ती गळ्याला टेकते, गाताना सारखा हात जातो तिकडे, थोडी खाली येऊ दे. आणि कॉलर माईकचा पॅक कुठे ठेवणार? सगळे पाठीमागे कमरेत खोचतात, पण काष्टा तिथेच खोचायचा असतो. मी कमरेला इलॅस्टिकचा पट्टा बांधून डाव्या बाजूला कापडी खिसा शिवते, वरून पदर येतो. बांगड्या काचेच्या घेतल्यास तर प्रत्येक समेवर वेगळाच ताल ऐकू येईल. रंगीत तालमीच्या आधी निदान चार तालमी तिला लुगड्यातच करू दे, ड्रेसवर ओढणी खोचून तालीम केलेली बाई ऐनवेळी काष्ट्यात चालूच शकत नाही.

बालगंधर्वांच्या शालूंच्या गोष्टी सगळे सांगतात, खऱ्या जरीच्या, कर्ज काढून घेतलेल्या. पण 1919 ला गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सिंधूसाठी तोच माणूस ठिगळाचं लुगडं नेसून उभा राहिला, मला त्यांची ती गोष्ट जास्त आवडते.

मल्हाररावांचं चित्र ठीक आहे, जास्त बोलत नाही. फक्त अंगरख्याचे बंद डावीकडे घे, मुघलांच्या वेळेपासून हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधायचे, तू उजवीकडे काढलेत. आणि ती पुणेरी पगडी काढून टाक डोक्यावरून, होळकरी पगडीचा घाट वेगळा आहे. तो माणूस वाढला आपल्या तळोद्याला मामाकडे, त्याला पुण्याचा का करतेस!

आता कागदाचं. माणूस आठ डोक्यांच्या उंचीचा काढ, तू दहाचा काढलाय, तसली उंच बाई आपल्याकडे कुठून आणणार, तुमची हिरॉईन पाच फूट आहे म्हणालीस ना. अंक-प्रवेश लिही, कोण घालणार ते लिही, बदलायला किती वेळ मिळतो ते लिही, आणि कोपऱ्यात कापडाचा तुकडा स्टेपल कर. रंग कागदावर कितीपण छान लावलास तरी टेलर तुकडाच बघतो. भाड्याची ड्रेपरी, म्हणजे तयार कपडे, काय आणि शिवायचं काय तेपण त्यावरच लिहायचं, सैनिक-भालदार सगळे भाड्याने आण, पैसे फक्त तिच्या लुगड्यांवर घाल.

आणि पाठमोरं चित्र काढ. तिची आरती पाठमोरी आहे असं स्क्रिप्टमध्ये वाचलं मी, म्हणजे चारेक मिनिटं लोक फक्त काष्टा आणि अंबाडा बघणार, आणि तो तू काढलेलाच नाहीस.

रविवारी सकाळच्या एसटीने ये, हिरॉईनला घेऊन ये सोबत. जुनी सुती नऊवारी असेल घरात कोणाची तर आण, आजीची वगैरे, फाटकी चालेल. तिला नेसवून दाखवते आणि तू तिच्या मागे बसून पाठमोरं काढ. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत आहे.

तुझी,
मावशी