अंधारी मिठावाचून की गोळीमुळे?

प्रश्न : माझं वय ६३. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतो. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शंभरी गाठलेल्या लोकांबद्दल वाचलं आणि सात आठवड्यांपूर्वी जेवण निम्म्यावर आणलं, मीठ जवळपास बंद केलं. वजन सहा किलो उतरलं, उपाशीपोटीची साखर १४८ वरून ११२ वर आली. पण पहाटे उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा भिंत धरावी लागली. बायको म्हणते, मीठ खा. खाऊ का?

उत्तर : मिठाची बरणी तूर्त राहू द्या, आधी रक्तदाब मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर अंधारीचं कारण बहुतेक सापडलं. हे आकडे कागदावर लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली किंवा पडलात, तर मात्र त्याच दिवशी जा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

माझा संशय गोळ्यांच्या मात्रेवर आहे. ती तुमच्या जुन्या वजनाला आणि जुन्या ताटाला ठरवलेली होती. जेवण कमी झालं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवायचं सोडतात; सोडियमबरोबर पाणीही जातं. त्यात तुम्ही वरचं मीठ तोडलं, आणि गोळीचं तर कामच मीठ-पाणी बाहेर काढण्याचं. तिघांनी एकच दोर एका बाजूला ओढलाय. हॉस्टेलला असताना मीही असला प्रताप केला होता. चार दिवसांत अडीच किलो उतरले म्हणून मैत्रिणींना सांगत सुटले, आणि सातव्या दिवशी एका नेहमीच्या जेवणाने सव्वा किलो परत आलं. ती चरबी नव्हतीच, पाणी होतं. तुमच्या सहा किलोंमध्येही थोडं पाणी असणार.

साखर उतरली ती खरी कमाई आहे, पण तिचं श्रेय मिठाला देऊ नका. कमी खाल्ल्याने यकृतातली चरबी हटते आणि इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागतं. मीठ कमी केल्याचा फायदा मुख्यतः रक्तदाबाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांमधलं मीठही आलं. जवळजवळ शून्यावर जायची गरज नाही.

आता ओकिनावा. १९४९ च्या नोंदींप्रमाणे तिथला माणूस दिवसाला सुमारे १,७८५ कॅलरी खात होता आणि त्यातल्या ६९ टक्के एकट्या रताळ्यातून येत होत्या. वादळं भाताचं पीक झोपवत, रताळं जमिनीखाली टिके. म्हणून ते गरिबाचं अन्न झालं. उकडलेलं रताळं वजनाला भरपूर आणि कॅलरीला हलकं, भाताच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे पोट भरे. सोडियम थोडं, पोटॅशियम भरपूर, हाही फायदा. ‘हारा हाची बु’, म्हणजे पोटाचे दहातले आठ हिस्सेच भरा, ही म्हण अशा ताटावर पाळणं सोपं जातं. तुम्ही नेहमीचंच जेवण निम्मं केलंत, म्हणजे त्यांचा आकडा घेतलात आणि ताट सोडून दिलंत. शिवाय ती माणसं दिवसभर शेतात राबत. पुढे अमेरिकी तळांबरोबर डबाबंद मांस आणि तळलेलं खाणं आलं, आणि २००० साली ओकिनावाच्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरलं. बेट तेच होतं, ताट बदललं होतं.

त्या आहारातली एक गोष्ट मात्र तुम्ही उचलू नये. त्यात प्रथिनं फक्त ९ टक्के होती, दिवसाला साधारण ४० ग्रॅम. त्रेसष्टीत वजन उतरताना स्नायूही उतरतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसायचा व्यायाम. पण तो अंधारी थांबल्यावर.

बायको ‘कमी सोडियमचं मीठ’ आणायला निघाल्या तर थांबवा. त्यात पोटॅशियम असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडं अधू असतील तर ते रक्तात साठतं. डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तातलं क्रिॲटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं का, हेही विचारा.

तोवर पहाटे जाग आली की दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, पोटऱ्या हलवा, मग उठा. रात्री संडासाच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा.