पुनर्जन्म नव्हे, पुनरुत्थान

अंबाजोगाईच्या एका ताईंचा प्रश्न आहे: ईस्टरच्या शुभेच्छाफलकावर ‘येशूच्या पुनर्जन्माचा सण’ असं छापलं होतं. शेजारच्या ख्रिस्ती काकू ते वाचून म्हणाल्या, ‘हे आमचं नाही.’ मग पुनर्जन्म, पुनरुत्थान आणि पुनरुज्जीवन यांत फरक काय? आणि घरच्या बोलीत हे सांगायचं कसं?

ताई, काकूंचं बरोबर आहे. पुनर्जन्मात देह बदलतो. जुनं शरीर संपतं, जीव दुसऱ्या पोटी येतो, आई-बाप नवे, नाव नवं. पुनरुत्थानात यातलं एकही नाही. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, सांगतात की क्रुसावर मेलेला आणि थडग्यात ठेवलेला येशू तिसऱ्या दिवशी देहासकट उठला. हातावर खिळ्यांचे व्रण होतेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते दाखवलेसुद्धा. म्हणजे माणूस तोच, जखमाही त्याच, फक्त आता त्याला पुन्हा मरण नाही. ‘पुनर्जन्म’ हा शब्द वाचणाऱ्याला सरळ दुसऱ्याच श्रद्धेच्या दारात नेऊन सोडतो. मग ज्याला पटलं त्याला भलतंच पटतं, आणि ज्याने नाकारलं त्यानेही भलतंच नाकारलेलं असतं.

पुनरुज्जीवन आपण आटलेल्या नदीचं करतो, बंद पडलेल्या संस्थेचं करतो, विसरत चाललेल्या कलेचं करतो. तो शब्द इथे नको.

खरी गल्लत होते ती ‘मेलेला जिवंत झाला’ या कथांशी. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांचं मूल चिखलात तुडवलं गेलं आणि पुढे पंढरपुरी कीर्तनात रांगत आलं, ही कथा मराठवाड्यात लहानपणापासून कानावर असते. त्यामुळे वारकरी घरातला माणूस येशूची गोष्ट ऐकून चटकन म्हणतो, ‘आपल्याकडंही असं झालेलं आहे.’ या म्हणण्यात आपुलकी आहे, आणि मला ती मोलाची वाटते. पण ख्रिस्ती शिकवणीत अशा कथेची जागा वेगळी आहे. बायबलात लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर येतो. तो जिवंत होतो, पण पुढे कधीतरी मरणारच असतो. गोरोबांच्या लेकराची तुलना लाजराशी होईल. येशूबद्दलचा दावा त्याहून मोठा आहे: तो मरणाच्या पलीकडे गेला, आणि शेवटच्या दिवशी सगळे मेलेले असेच उठतील. ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करायच्या ठरीव वचनात, ‘देहाचे पुनरुत्थान’ असं म्हणतात ते यासाठी.

आता शब्दाच्या पोटात शिरू. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातला, मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’, म्हणजे उठून उभं राहणं. त्यातला ‘स्ता’ आणि आपल्या ‘उत्थान’मधला मूळचा ‘स्था’ हे एकाच प्राचीन धातूचे. संस्कृत शब्द निवडणाऱ्यांनी अर्थ तर जुळवलाच, नातंही अचूक धरलं. दुसरीकडे येशू एका मेलेल्या मुलीला त्याच्या अरामी बोलीत हाक मारतो, ‘तलीथा कूम’, मुली, ऊठ. हा ‘कूम’ आणि अरबीतला ‘कयामत’ सख्खे भाऊ. उभं राहणं हाच त्यांचाही मूळ अर्थ. आपण रोज बोलतो ते ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ याच घरातले. निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मुलखाला हे शब्द परके नाहीत.

म्हणून इथल्या मुसलमान शेजाऱ्याला मेलेले उठतील हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कयामतवर त्याचा विश्वास आहेच. त्याचा मतभेद दुसऱ्या जागी आहे. कुराणाप्रमाणे ईसा, म्हणजे येशू, क्रुसावर मेलेच नाहीत, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. मरणच नाही तर त्यातून उठणं कुठलं? बौद्ध घरांत प्रश्न आणखी निराळा होतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला ज्या मिलिंद राजाचं नाव आहे, त्याने नागसेन या भिक्खूला विचारलं होतं की एका जन्मातून दुसऱ्यात काहीही न जाता पुन्हा जन्म कसा होतो. नागसेनाने दिव्यावर दिवा लावायचा दाखला दिला: पहिल्यातून उचलून दुसऱ्यात काही जातं का? ‘तोच माणूस’ ही कल्पनाच तिथे उभी राहत नाही. हे सगळे नकार मला आदराचे वाटतात, कारण नेमकं काय नाकारतोय हे त्यांना ठाऊक असतं.

तर्काने नाकारणारेही आहेतच. ‘मेलेला माणूस कुठं उठत असतो का? काय सांगायलात!’ हे मराठवाड्यात कुणी म्हणालं तर काकूंनी वाईट वाटून घेऊ नये. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने अथेन्समध्ये हेच सांगितलं तेव्हा काहींनी थट्टा केली, काही म्हणाले ‘पुन्हा कधी ऐकू’, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. त्याही आधीची गोष्ट म्हणजे, पहिला अविश्वास घरातलाच होता. येशूच्या मागे आलेल्या बाया पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन त्याच्या थडग्याकडे गेल्या होत्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, तशाच उरलेलं कर्तव्य उरकायच्या मनाने. येऊन त्यांनी तो उठल्याचं सांगितलं, तर प्रेषितांना, म्हणजे त्याच्या जवळच्या शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटली. मग येशू समोर आला तेव्हा त्यांना भूत वाटलं. तेव्हा त्याने खायला मागितलं आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. मेलेलं माणूस दिसलं की ‘भूत’ हा आपल्या गावाकडचा पहिला विचार लूकच्या शुभवर्तमानातच येऊन गेला आहे.

बोलीत काय म्हणावं? ‘उठला’ हेच सगळ्यात चांगलं. ‘म्हातारी दुखण्यातून उठली’ असं आपण म्हणतोच. त्याच चालीवर मराठी बायबल ‘मेलेल्यांतून उठला’ म्हणतं, आणि ईस्टरला ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं की उत्तर येतं, ‘खरोखर उठला आहे’. काही ठिकाणी ‘उठवला गेला’ असंही सापडेल. तिथे कर्ता देव आहे, म्हणून ते बदलून ‘उठला’ करू नये.

लेखनाचं एवढंच: पुनर् अधिक उत्थान, म्हणून ‘पुनरुत्थान’, ‘पुनरोत्थान’ चूक. उठलेल्याला ‘पुनरुत्थित’. आणि रफार ‘ज’वर येतो, तेव्हा ‘पुर्नजन्म’ नव्हे, ‘पुनर्जन्म’.