तंबू विकत घ्यायचा की भाड्याने? पहिल्या कॅम्पिंगचा हिशेब

गोव्यातल्या डिचोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. नाताळच्या सुट्टीत अकरा आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन दोन रात्री तंबूत राहायचं आहे, चौघांचीही पहिलीच वेळ. दुकानातून यादी करून आणलीय: चौघांचा तंबू 17,500, चार स्लीपिंग बॅग 11,200, शेगडी आणि भांडी 4,900, घडीचं टेबल-खुर्च्या 6,200, दिवे वगैरे 2,800. एकूण 42,600. एक लाखाची मुदत ठेव मोडावी, की सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर घ्यावं, हा प्रश्न. घरखर्च महिन्याला 31,000, शिल्लक पडतात साधारण 6,000. चवथीच्या खरेदीचे 11,400 अजून क्रेडिट कार्डावर आहेत. यजमानांना दिवाळीला 16,000 बोनस मिळेल. म्हापशात तसाच तंबू रात्रीला 900 रुपये भाड्याने, 3,000 अनामत ठेवून मिळतो, हेही त्यांनीच विचारून ठेवलंय. माहेर सत्तरीत केरीला, तिथे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. शेवटी लिहिलंय, "मुलं लहान आहेत तोवरच हे सगळं."

ताई, ते शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून सहल पुढे ढकलू नका. पण ठेवीला हात लावू नका आणि हप्तेही बांधून घेऊ नका.

ठेवीचं आधी सांगते. एक लाख म्हणजे तुमच्या घरखर्चाचे जेमतेम तीन महिने. उद्या कारखान्यातला पगार लांबला किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर तुमच्या हाताशी तेवढंच आहे. ठेव मुदतीआधी मोडली की व्याजदर कापला जातो, पण तो तोटा लहान. त्यातले 42,600 गेले तर खाली दोन महिन्यांचाही आधार उरत नाही, हा मोठा.

आता 'नो कॉस्ट'. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठे ना कुठे वसूल होतंच. तुमच्या बिलावर बघा. रोख दिल्यास दुकानदार 5 टक्के सोडतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे 2,130 रुपये तिथेच गेले. प्रक्रिया शुल्क 199 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 235. बँकेचा दर 15 टक्के धरला तर सहा हप्त्यांत दडलेलं व्याज सुमारे 1,800, ते दुकान भरतं, पण त्यावरचा जीएसटी, सव्वातीनशे रुपये, तुमच्या माथी येतो. असे 2,690 रुपये जास्त. शिवाय महिन्याला 7,100 चा हप्ता, आणि शिल्लक पडतात 6,000. गणित पहिल्याच महिन्यात तुटतं.

मला खरी काळजी त्या 11,400 ची वाटते. कार्डावर मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज त्याच कार्डाने किराणा घेतलात तर आजपासूनच व्याज सुरू. आणि हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाला चाळीसच्या वर. बोनस हातात पडेल त्याच दिवशी ही बाकी पूर्ण भरा. उरतात 4,600.

तंबूचा हिशेब रात्रीवर करा. 17,500 भागिले 900, म्हणजे वीसेक रात्री वापरलात तर विकत घेणं परवडलं. वर्षाला तीन रात्री धरल्या तर सहा-सात वर्षं लागतील, आणि आपल्या पावसाळ्यात तो तेवढा टिकेल का? माझा स्वतःचा तंबू दोन हंगाम वापरून माळ्यावर ठेवला होता. पावसाळ्यानंतर उघडला तर आतलं कापड बोटांना चिकटत होतं, कुबट वास येत होता, आणि शिवणीवरून पांढरे पापुद्रे सुटून हातावर येत होते. पाणी अडवणारा तो पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत असाच विरघळत जातो. शिलाई जशीच्या तशी होती, पण पाणी अडवायच्या कामाचा तो राहिला नव्हता.

स्लीपिंग बॅग तर यादीतून काढूनच टाका. पणजीत डिसेंबरमध्ये रात्रीचं तापमान सरासरी 21 अंशांच्या आसपास असतं, सत्तरीच्या बाजूला आणखी दोन-चार अंश कमी. घरातल्या गोधड्या पुरतात. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते, म्हणून पैसे खालच्या फोमच्या मॅटवर घाला. मुलं नीट झोपली तरच पुढच्या वर्षी पुन्हा चला म्हणतील. शेगडीही नको. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव तिथे पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर रांधलं तर दंड होतो. घरून उंडे (गोल पाव) आणि सुकी भाजी न्या. टेबल-खुर्च्यांच्या जागी एक चटई.

मग खर्च असा होतो: दोन रात्रींचं तंबूभाडं 1,800, चार मॅट 2,400, ताडपत्री 800, डोक्याला लावायची एक बॅटरी 700, औषधांची पिशवी 400, पेट्रोल आणि खाणंपिणं 1,500. एकूण 7,600. बोनसमधले 4,600 आणि नोव्हेंबरच्या शिलकीतले 3,000, बरोबर तेवढेच. नोव्हेंबरचे उरलेले 3,000 अनामतीला, ते परत येतात.

पहिली रात्र केरीच्या कुळागरात काढा, असं मी मनापासून सुचवते. जागेला पैसे नाहीत, न्हाणीघर जवळ, आणि धाकट्याला मध्यरात्री भीती वाटली तर आजीचं घर समोर. दुसरी रात्र कुठे ते तिथून ठरवा. बोंडला आणि खोतीगाव या अभयारण्यांत वन खात्याच्या कुटिरा आहेत, चौकशी आत्ताच करा, नाताळात गर्दी असते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर मात्र तंबूचा विचार करू नका. त्या दिवसांत तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

जानेवारीपासून महिन्याला 1,500 ची आवर्ती ठेव सुरू करा. पुढच्या नाताळापर्यंत 18,000 साठतील. तोवर आणखी दोनदा जाऊन आलात आणि मुलांची ओढ टिकली, तर तंबू रोखीने घ्या, 5 टक्के सूटही मिळेल.

आणि म्हापशाच्या दुकानातून तंबू उचलण्याआधी तिथेच उभा करून बघा. चेन दोन्ही बाजूंनी ओढा, खुंट्या मोजा, फाटलेलं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवा. परत देताना दंवाने ओला तंबू तसाच घडी करू नका, केरीच्या अंगणात दोन तास उन्हात पसरा. अनामत कापतात ती बहुतेक ओल्या तंबूपायीच.