मन लागण्याची वाट पाहू नका

प्रश्न: मार्च 2020 पासून ह्यांचं काम घरूनच चालू आहे. 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत सासरे कोविडने गेले. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनीच केले. गेले तीन महिने हे अकराशिवाय उठत नाहीत, आंघोळ टाळतात, रात्री तीनपर्यंत मोबाईल बघतात. ‘जरा फिरून या’ म्हटलं की चिडतात. कोविडनंतरचा अशक्तपणा आहे म्हणतात. काय करू? (चिंचवड)

उत्तर: उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. इथे तीन महिने झालेत, तेव्हा घरचे उपाय आणि डॉक्टर दोन्ही एकदमच सुरू करा. फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी 12 आणि साखर तपासून घ्या. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो. कोविडनंतरचा थकवाही खरा असतो. त्यात बहुधा करावंसं वाटतं, पण शरीर साथ देत नाही. नैराश्यात करावंसं वाटणंच आटतं. दोन्ही एकत्रही असतात.

घरून काम सुरू झालं आणि बस, डबा, ऑफिसची वेळ, दिवसाला बांधून ठेवणारं सगळंच गेलं. ते पुन्हा उभं करायला उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करा. ठरवून झोप येत नाही, पण ठरवून उठता येतं. अकराची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा आणि आठवर थांबा. रविवारीही तीच वेळ. उठल्यावर वीस मिनिटं गॅलरीत उजेडात बसून चहा. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

मग रोज तीन कामं वेळेसकट वहीत लिहायची: एक शरीराचं, एक घरातलं, एक माणसांतलं. दहा मिनिटं चालणं, भाजी निवडणं, भावाला फोन. लोक इथेच चुकतात. पहिल्याच दिवशी तासभर चालायचं ठरवतात, तिसऱ्या दिवशी जमत नाही आणि ‘मी कामाचाच नाही’ याला पुरावा मिळतो. सगळ्यात वाईट दिवशीही जमेल एवढंच काम ठेवा. आधी मन लागेल, मग उठू, असं नैराश्यात होत नाही. करता करता मन मागून येतं. चालल्यावर दुसऱ्या दिवशी थकवा फार वाढला, तर मात्र ते कोविडनंतरच्या थकव्याचं लक्षण समजून चालणं कमी करा आणि डॉक्टरांना सांगा.

‘फिरून या’ऐवजी ठरल्या वेळी चपला घालून ‘चला, आपण जाऊ’ म्हणा. आज बरं वाटतंय का, हे विचारू नका. सासऱ्यांचा निरोप राहून गेला, तो आता घ्या. त्यांच्या तिथीला भावंडांना बोलवा, त्यांचे जुने फोटो बाहेर काढा, आठवणी मोठ्याने सांगू द्या.

एक प्रश्न मात्र स्पष्ट विचाराच: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर 108 ला फोन करा किंवा थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

प्रश्न: नैराश्यावरची एस्सिटालोप्राम ही 10 मिलिग्रॅमची गोळी घेऊन बारा दिवस झाले. मळमळतं, फरक शून्य. सवय लागेल म्हणून बंद करू का? (वय 29, सांगली)

उत्तर: नको. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ लागतात. मळमळ बहुधा पहिल्या दोन आठवड्यांचीच असते, गोळी जेवणानंतर घ्या. या गोळीची नशा किंवा तल्लफ लागत नाही. पण ती अचानक तोडली तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. म्हणून बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करतात. दारू टाळा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय घेऊ नका, सोबत घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी एकदम वाढली किंवा मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.