समोरची इमारत आणि गल्लीची दिशा

प्रश्न : शहापुरात पूर्व-पश्चिम गेलेल्या, चार मीटर रुंदीच्या गल्लीत आमचे दक्षिणाभिमुख, कौलारू बैठे घर आहे. समोरचे तसेच घर पाडून चार मजली इमारत उभी राहिल्यापासून मार्गशीर्षात दारात ऊन येत नाही. वैशाखात मात्र फरक जाणवत नाही. जवळच्या उत्तर-दक्षिण गल्लीत एवढ्याच उंच इमारती असूनही दुपारी ऊन पडते. असे का? काही उपाय आहे का?
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारीही दक्षिणेला कललेला असतो आणि क्षितिजापासून ५१ अंशांपर्यंतच चढतो. त्या वेळी १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ १० मीटर पडते. गल्ली ४ मीटरचीच असल्याने ती सावली आपल्या बाजूला जमिनीपासून ७ मीटर उंचीपर्यंत चढते, आणि बैठ्या घराचा दर्शनी भाग तिच्यात पुरता बुडतो. जुन्या घराची वळचण ३ मीटरवर होती असे धरले, तर तिची सावली अडीच मीटरवर, गल्लीतच संपत असे आणि ऊन थेट कट्ट्यावर येत असे. थंडीत वाकळा टाकायला हेच ऊन लागते.

मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत माध्यान्ही किंचित उत्तरेलाच राहतो; तेव्हा दक्षिणेची इमारत, मग ती कितीही उंच असो, दुपारचे ऊन अडवत नाही.

उत्तर-दक्षिण गल्लीत दुपारचा सूर्य गल्लीच्या रेषेतच येतो. तेवढीच रुंदी आणि उंची असली, तरी डिसेंबरात तेथे दोनेक तास जमिनीवर ऊन उतरते. बार्सिलोनाच्या विस्ताराचा १८५९चा आराखडा करताना इल्देफोन्स सेर्दा यांनी २० मीटर रुंदीचे रस्ते तिरपे आखले, ते घरांच्या चारही बाजूंना केव्हा ना केव्हा ऊन मिळावे म्हणून. आपल्या गल्ल्या आता फिरवता येणार नाहीत. परंतु अशा गल्लीत वरचे मजले मागे घेऊन बांधले पाहिजेत, असे आम्हांला ठामपणे वाटते. समोरच्या दारात डिसेंबरचे ऊन पोहोचायचे, तर प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा साधारण दोन मीटर मागे हवा.

आपल्यापुरता उपाय छपरावर आहे. दर्शनी भिंतीपासून साधारण अडीच मीटर आत, दक्षिणेकडच्या पाख्यावर डिसेंबरातही दुपारी ऊन असते. तेथे काचेची चार-सहा कौले बसवून घ्यावीत. सोप्यातले गेलेले ऊन माजघरात उतरेल.